ब्लॉक की चार्ज: शिट्टीआधी रेफरीने कुठे उभं राहायचं आणि काय पाहायचं

बास्केटबॉलमध्ये बास्केटकडे येणारा खेळाडू आणि त्याला अडवणारा डिफेंडर यांची धडक झाली की रेफरीने ठरवायचं असतं: चूक डिफेंडरची असेल तर ब्लॉक, येणाऱ्याची असेल तर चार्ज. आणि बेंचवरून पहिली ओरड ठरलेली असते: "सर, तो हलत होता!" असेलही हलत. डिफेंडरने खांबासारखं उभं राहिलं पाहिजे असं फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात कुठेही नाही. तरी नवे रेफरी याच एका प्रश्नावर निकाल देतात आणि नीट पाय टाकत मागे सरकणाऱ्या डिफेंडरवर ब्लॉक लावून मोकळे होतात. काही जण दुसऱ्या टोकाला जातात: जो जास्त जोरात पडला, त्याच्या बाजूने शिट्टी. दोन्ही चुकांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. धडकेआधी रेफरीची नजर बॉलवर होती, त्यामुळे डिफेंडर तिथे कधी आणि कसा आला हे त्याने पाहिलेलंच नव्हतं.

आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या नियमांवर चालतात, म्हणून इथलं सगळं त्याच नियमांना धरून आहे. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग पाहून आलेल्या खेळाडूंशी वाद होतो तो बहुधा वेळेवरून. एनबीएत डिफेंडरने जागा घ्यायची ती समोरच्याची शॉटसाठी वर जाण्याची हालचाल सुरू होण्याआधी. फिबात ती त्याचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी घेतली तरी चालते. फरक क्षणभराचा आहे, पण त्या क्षणात एक अख्खं पाऊल बसतं.

आधी डिफेंडर, मग बॉल

ड्राइव्ह, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे धाव, सुरू झाली की नजर डिफेंडरच्या पायांवर आणि छातीवर न्या. बॉल नजरेच्या कडेला आपोआप दिसत राहतो, त्याची काळजी करू नका. पहिला प्रश्न असा: या डिफेंडरने सुरुवातीची कायदेशीर जागा घेतली का? त्यासाठी दोनच अटी आहेत, तोंड समोरच्या खेळाडूकडे आणि दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. पाय किती वेळ टेकलेले असावेत याला मोजमाप नाही. एक क्षण पुरतो. शिवाय ज्याच्याकडे बॉल आहे त्याच्याबाबतीत वेळ आणि अंतर यांचा हिशोबच करायचा नसतो. समोर कोणीतरी येणार हे धरूनच त्याने पळायचं, आणि शेवटच्या क्षणी कोणी आला तरी थांबणं किंवा वळणं ही त्याची जबाबदारी. "अचानक आला हो" ही तक्रार बॉल हातात असलेल्याला करता येत नाही.

बॉल नसलेल्या खेळाडूचं मात्र तसं नाही. कट मारणाऱ्याच्या, म्हणजे बॉल नसताना मोकळ्या जागेकडे झटकन धावणाऱ्याच्या, वाटेत उभं राहायचं तर त्याला थांबायला किंवा वळायला जागा ठेवावी लागते, वेगानुसार साधारण एक ते दोन पावलं. एकाच सामन्यात हे दोन वेगळे मापदंड वापरायचे असतात, आणि गोंधळ होतो तो पास हवेत असताना. बॉल अजून हातात पडलेला नाही, तोवर तो खेळाडू बॉल नसलेलाच आहे.

एकदा जागा घेतली की डिफेंडरला ती राखण्यासाठी बाजूला सरकता येतं, मागे जाता येतं, जागच्या जागी सरळ वर उडी मारता येते. सरकताना एक किंवा दोन्ही पाय क्षणभर हवेत असले तरी चालतं. दोन्ही पाय टेकलेले हवेत ते फक्त पहिल्यांदा जागा घेताना. बंदी आहे ती पुढे जायला. धडकेच्या क्षणी डिफेंडरचं शरीर बॉल आपटत येणाऱ्या ड्रिबलरच्या दिशेने पुढे येत असेल तर तो ब्लॉक, मग आधी त्याने कितीही सुंदर जागा घेतलेली असो.

दुसरा प्रश्न धडक कुठे लागली याचा, आणि इथेच अर्ध्याहून जास्त निर्णय सुटतात. धक्का डिफेंडरच्या धडावर, म्हणजे छाती-पोटावर बसला तर तो तिथे आधी पोचला होता असं नियम मानतो. धक्का त्याच्या बाहेर काढलेल्या खांद्याला, नितंबाला, मांडीला किंवा गुडघ्याला लागला, तर ड्रिबलर पुढे निसटत होता आणि डिफेंडर शरीराचा एखादा भाग घालून त्याला अडवत होता. तो ब्लॉक.

प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक सिलिंडर असतो. पुढची हद्द तळहातांपर्यंत, मागची नितंबांपर्यंत, बाजूंची हात आणि पाय यांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. समोर हात धरायचे ते कोपरात दुमडून आणि वर उचलून, पावलांच्या आणि गुडघ्यांच्या पुढे न जाता. पाय खांद्यांपेक्षा खूप फाकवून वाट अडवली आणि ड्रिबलर त्या पायात अडकला, तर डिफेंडर सिलिंडरबाहेर आहे. उलट, धक्का येणार म्हणून त्याने अंग चोरलं, थोडा वळला, हात छातीशी घेतले, तर त्याची जागा गेलेली नाही. इजा टाळण्यासाठी आपल्या सिलिंडरच्या आत वळायची मुभा नियमानेच दिली आहे. अंग चोरणं चालतं, अंगावर झुकणं नाही.

उभं कुठे राहायचं

वरचं सगळं पाठ असलं तरी चुकीच्या जागेवरून काहीच दिसत नाही. ड्रिबलर आणि डिफेंडर यांच्यामधली फट दिसली पाहिजे. दोघं तुमच्या नजरेच्या एकाच रेषेत आले, म्हणजे एकाच्या पाठीमागे दुसरा झाकला गेला, की धडक छातीवर बसली की खांद्यावर हे फक्त अंदाजाने सांगता येतं. आणि अंदाजाने शिट्टी मारायची नाही.

अंतरही महत्त्वाचं. तीन ते सहा मीटर बरं पडतं. त्याहून जवळ गेलात तर पाय आणि छाती एका नजरेत मावत नाहीत, आणि जवळून प्रत्येक हालचाल असते त्यापेक्षा जोरकस वाटते. "जवळ होतो म्हणजे बरोबर पाहिलं" हा समज बास्केटबॉलमध्ये फसवतो. धडकेच्या क्षणी तुम्ही थांबलेले असावं हेही तितकंच खरं. पळताना डोकं वरखाली होतं आणि समोरचा स्थिर डिफेंडरसुद्धा सरकल्यासारखा दिसतो. फोटो काढताना हात हलला की चित्र पुसट येतं, तसंच.

स्थानिक स्पर्धांत बहुधा दोनच रेफरी असतात, म्हणून आधी तेच घेऊ. बास्केटखालच्या बाजूला असतो तो लीड, खेळाच्या मागून येतो तो ट्रेल.

लीडने एंडलाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या कोर्टच्या रेषेच्या, बाहेर साधारण एक मीटर मागे राहावं, शरीर एंडलाइनला समांतर न ठेवता बास्केटकडे तिरकं, सुमारे ४५ अंशांत वळवलेलं. कामाचा पट्टा तीन गुणांच्या रेषेपासून बास्केटमागच्या बोर्डच्या जवळच्या कडेपर्यंत. बोर्डच्या थेट खाली जाऊन उभं राहिलात तर अंगावर येणारी ड्राइव्ह आणि डिफेंडरची पाठ एवढंच दिसतं, मधली फट नाही. ड्राइव्ह तुमच्या बाजूने एंडलाइनकडे येऊ लागली तर एक-दोन पावलं बाहेर किंवा मागे सरका आणि त्यांना समोरून जाऊ द्या. एंडलाइनला चिकटलेला लीड अशा वेळी बघण्याऐवजी स्वतःला वाचवत बसतो.

ट्रेल बॉलच्या मागे काही मीटरवर, आणि त्याने साइडलाइनला चिकटून राहू नये. ट्रेलची नेहमीची चूक म्हणजे ड्रिबलर ज्या दिशेने निघाला त्याच दिशेने स्वतःही जाणं. मग ड्रिबलरची पाठ आणि डिफेंडर एका रेषेत येतात. त्याने उलट पाऊल टाकायला हवं: ड्रिबलर तुमच्या उजवीकडे निघाला की तुम्ही डावीकडे एक-दोन पावलं, आणि मग ड्राइव्हच्या मागोमाग थोडं आत. एवढ्याने फट पुन्हा उघडते. अर्ध्या रेषेजवळ उभं राहून पेंटमधली, म्हणजे बास्केटसमोरच्या आयताकृती भागातली, धडक ठरवणारा ट्रेल प्रेक्षकांतल्या माणसापेक्षा फार काही जास्त पाहत नाही.

कोणी काय पाहायचं हे सामन्याआधी ठरवून घ्या. ज्याच्या क्षेत्रातून ड्राइव्ह सुरू झाली, त्याने ड्रिबलर आणि त्याचा मूळ डिफेंडर यांना शेवटपर्यंत सोडायचं नाही. मदतीला धावून येणारा दुसरा डिफेंडर लीडचा. ब्लॉक-चार्जची खरी डोकेदुखी हा दुसराच असतो, कारण तो पेंटच्या पलीकडून येतो आणि बॉल पाहत राहिलेल्या रेफरीला तो धडकेच्या क्षणीच दिसतो. म्हणून ड्राइव्ह ट्रेलच्या बाजूने सुरू झाली की लीडने बॉल सोडून द्यावा आणि पेंटमध्ये कोण सुटून येतंय ते शोधावं. तो आला, दोन पाय टेकले, तोंड समोर केलं, इथपर्यंत तुम्ही आधीच पाहिलेलं असेल तर पुढचं फार अवघड राहत नाही.

तीन रेफरी असतील तर पलीकडच्या बाजूला तिसरा रेफरी, सेंटर, असतो आणि त्या बाजूने पेंटमध्ये घुसणाऱ्या ड्राइव्हचा कोन त्याचा चांगला असतो. इथे लीडने एक सांभाळायचं: ड्राइव्ह सुरू झालेली असताना बाजू बदलायला निघू नये. पेंटमागून चालत असताना झालेली धडक लीड हमखास चुकवतो.

फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे बॉल मिळताच झटक्यात केलेल्या हल्ल्यात, नवा लीड (आतापर्यंतचा ट्रेल) वेळेत एंडलाइनला पोचत नाही हे होणारच. अशा वेळी पळत राहून चालत्या पायांनी निर्णय देण्यापेक्षा फ्री थ्रो रेषेच्या उंचीवर साइडलाइनजवळ थांबा आणि तिथून बाजूने पाहा. मागून येणारा ट्रेल जवळ असला तरी त्याला पाठीच दिसत असतात.

उडी आणि अर्धगोल

उडी मारलेल्या खेळाडूला त्याच जागी परत उतरायचा हक्क आहे. दुसऱ्या जागी उतरायचाही आहे, जर उडी मारताना ती जागा आणि तिथपर्यंतची सरळ वाट मोकळी असेल. म्हणून पाय जमिनीवरून सुटले तो क्षण डोक्यात टिपून ठेवा. डिफेंडर त्याआधी जागेवर होता आणि धक्का छातीवर बसला तर चार्ज. त्यानंतर वाटेत सरकला तर ब्लॉक, मग धक्का छातीवर बसला तरी. हवेतल्या खेळाडूच्या खाली जाऊन उभं राहणं हा साधा ब्लॉकसुद्धा मानू नये. तो बहुतेक वेळा अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारा) फाउल असतो, आणि प्रकार गंभीर असेल तर डिस्क्वालिफाइंग, म्हणजे खेळाडूला सामन्यातून बाहेर काढणारा. घोटे आणि पाठ मोडतात ती अशाच धडकांत.

बास्केटखालचा नो-चार्ज अर्धगोल फिबाने २०१० मध्ये आणला. डिफेंडरचा एक किंवा दोन्ही पाय त्या भागाला टेकलेले असतील आणि आत घुसणारा खेळाडू हवेत, बॉल ताब्यात ठेवून शॉट मारत किंवा पास देत असेल, तर त्यांच्या धडकेवर चार्ज द्यायचा नाही. रेषा त्या भागातच धरायची. याचा अर्थ प्रत्येक वेळी ब्लॉकच द्यायचा असाही होत नाही. डिफेंडर सरळ उभा होता, हात वर होते, त्याने काही केलं नाही, तर शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवणं हाच बरोबर निर्णय.

अपवाद लक्षात ठेवा, कारण कोच नेमके तेच विसरतात. आत येणाऱ्याने हात, कोपर, पाय किंवा शरीर बेकायदा वापरलं, म्हणजे मोकळ्या हाताने ढकललं किंवा गुडघा पुढे काढला, तर अर्धगोलातही ऑफेन्सिव्ह फाउल होतो. अर्धगोल आणि एंडलाइन यांच्यामधून, म्हणजे बोर्डमागच्या बाजूने येणाऱ्या खेळाला ही सवलत नाही. शॉट चुकल्यावर रिबाउंडच्या, म्हणजे परतलेला बॉल मिळवण्याच्या, झटापटीलाही नाही. आणि ड्रिबलरचे पाय अजून जमिनीवर असतील तर अर्धगोलाचा संबंधच येत नाही.

शाळा-कॉलेजांच्या अनेक सिमेंट कोर्टवर हा अर्धगोल रंगवलेलाच नसतो. सामन्याआधी टेप आणि खडू घेऊन तो आखून घ्यायला दहा मिनिटं लागतात. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा. तो बिंदू एंडलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवा. नसेल तर बोर्ड सरकलेला आहे, ते आयोजकांना सांगा. त्या बिंदूपासून १.२५ मीटर त्रिज्येचा अर्धगोल काढा. हे अंतर रेषेच्या आतल्या कडेपर्यंतचं, आणि रेषेची रुंदी ५ सेंटिमीटर. अर्धगोलाच्या दोन्ही टोकांपासून एंडलाइनच्या दिशेने ३७.५ सेंटिमीटरच्या सरळ रेषा ओढल्या की त्या बोर्डच्या पुढच्या पृष्ठभागाच्या बरोबर खाली संपतात.

शिट्टी आणि त्यानंतर

ड्राइव्हला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. शिट्टी शेवटानंतर. धडक झाली, तिचा परिणाम काय झाला ते दिसलं, मग वाजवा. अर्ध्या सेकंदाचा हा धीर फार उपयोगी पडतो. किरकोळ स्पर्श असेल, शॉट आरामात गेला असेल आणि कोणाचं काही बिघडलं नसेल, तर फाउल नाही. दोघं पडले म्हणजे एकाचा फाउल झालाच पाहिजे असं नाही.

एक ठसठशीत शिट्टी, एक मूठ बंद करून वर, आणि तिथेच थांबा. कंबरेवर हात किंवा तळहातावर मूठ ही खूण लगेच करू नका. जोडीदाराचीही शिट्टी वाजलेली असू शकते. एकाने ब्लॉक दाखवला आणि दुसऱ्याने चार्ज, तर पुढची दहा मिनिटं दोघांचं कोणी ऐकत नाही. मूठ वर ठेवून जोडीदाराकडे पाहा. खेळ ज्याच्या क्षेत्रात होता किंवा ज्याच्या दिशेने येत होता, त्याने निर्णय घ्यायचा आणि दुसऱ्याने मूठ खाली घ्यायची. मग खूण: ब्लॉकसाठी दोन्ही हात कंबरेवर, बॉलसह चार्जसाठी बंद मूठ उघड्या तळहातावर. बॉल ताब्यात असलेल्या संघाचा फाउल असेल तर टेबलसमोर नंबर आणि प्रकार दाखवून झाल्यावर, फाउल करणाऱ्या संघाच्या बास्केटकडे बंद मूठ.

आता एक बारकावा, जो अनुभवी रेफरींनाही चकवतो. ७ नंबरने हवेत शॉट सोडला, बॉल हातातून सुटला, आणि त्यानंतर तो आधीपासून जागेवर असलेल्या, अर्धगोलाच्या बाहेर उभ्या असलेल्या १२ नंबरच्या छातीवर आदळला. फाउल ७ नंबरचाच. पण बॉल फाउलच्या आधी सुटला होता, म्हणून बास्केट झाली तर ती धरायची. शिवाय शॉटसाठी बॉल हातातून सुटला की संघाचा बॉलवरचा ताबाही संपतो. त्यामुळे ७ नंबरच्या संघाचे त्या क्वार्टरमधले चार टीम फाउल आधीच झाले असतील, तर १२ नंबरला दोन फ्री थ्रो मिळतात. तीच धडक बॉल हातात असताना झाली असती तर बास्केट नाही, फ्री थ्रोही नाही, फक्त १२ नंबरच्या संघाला थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकायचा. म्हणजे बॉल कधी सुटला हेही तुम्हाला किंवा जोडीदाराला दिसलेलं हवं.

ब्लॉक शॉट मारताना झाला असेल तर हिशोब सोपा. बास्केट झाली तर गुण आणि एक फ्री थ्रो, नाही झाली तर शॉटच्या जागेनुसार दोन किंवा तीन. शॉट नसेल तर थ्रो-इन, आणि पाचव्या टीम फाउलपासून दोन फ्री थ्रो.

डिफेंडर धक्का न लागताच मागे कोसळत असेल तर त्याला चार्ज बक्षीस देऊ नका. नाटक ओळखण्याची साधी खूण: हात आधी वर जातात, डोकं मागे फेकलं जातं, आणि छाती शेवटी हलते. खऱ्या धक्क्यात छाती आधी हलते. नाटकाची दखल नियमांत आहे, प्रकरण टेक्निकल फाउलपर्यंत जातं. पहिल्या क्वार्टरमध्येच ते पकडलं तर पुढचा सामना हलका जातो.

कोच विचारेल. उत्तर एका वाक्यात द्या आणि त्यात तुम्ही पाहिलेला तपशील असू द्या: "त्याचे पाय सुटल्यावर तुमचा खेळाडू आत सरकला", "धक्का खांद्याला होता, छातीला नव्हता". "मी बरोबर पाहिलं" हे उत्तर नव्हे. असा तपशील सांगता येत नसेल तर तुम्ही धडक पाहिलेलीच नव्हती, हे स्वतःशी कबूल करा आणि पुढच्या ड्राइव्हला कोन सुधारा. चुकलेली शिट्टी दुसऱ्या बाजूला फाउल देऊन फेडायला जाऊ नका. कोर्टवरच्या दहाही जणांना ते कळतं.

सराव कसा करायचा

यासाठी सामना लागत नाही. एक ड्रिबलर, एक मूळ डिफेंडर, एक मदतीला येणारा आणि मोबाइल धरणारा चौथा एवढे पुरतात. मदतीला येणाऱ्याला तीन प्रकारच्या चिठ्ठ्या द्या: वेळेत जागा घे, पाय सुटल्यावर सरक, खांदा घाल. कोणती चिठ्ठी निघाली ते रेफरीला कळू द्यायचं नाही. पहिल्या दहा ड्राइव्ह निम्म्या वेगाने, पुढच्या वीस पूर्ण वेगाने पण धक्का हलका, आणि उशिरा सरकणारा खरोखर पायांखाली जाणार नाही इतकं अंतर ठेवून. अर्ध्या लीडच्या जागेवरून, अर्ध्या ट्रेलच्या. प्रत्येक निर्णयानंतर रेफरीने तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: दोन्ही पाय कधी टेकले, धक्का कुठे लागला, पाय कधी सुटले. मग व्हिडिओ.

मोबाइल रेफरीच्या शेजारी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. गॅलरीतून घेतलेल्या व्हिडिओत सगळं स्वच्छ दिसतं आणि रेफरी उगाच मूर्ख ठरतो. त्याच कोनातून घेतलेल्या व्हिडिओत फट बंद झालेली दिसली, तर नियम पुन्हा वाचत बसण्याआधी तीच ड्राइव्ह एक पाऊल डावीकडून आणि एक पाऊल उजवीकडून पुन्हा पाहा.